समजून घ्या : क्लच नवा टाकला, तरी गिअर का पडत नाही? गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी या तपासण्या करा

इमामपूर घाटाची चढण. इंजिन ओरडतंय, आरपीएमचा काटा वर जातोय, पण गाडी पुढे सरकायला तयार नाही. आतून जळका वास येतो आणि मालकाला कळतं, क्लच प्लेट संपली. गाडी कशीबशी नगरला येते, गॅरेजला लागते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवं रिलीज बेअरिंग आणि बिल, सगळं हातात पडतं. मालक सीटवर बसतो, क्लच दाबतो, रिव्हर्स टाकायला जातो आणि गिअरबॉक्समधून आवाज येतो, ‘कर्रर्र’.

पहिला गिअर पडत नाही. जोर लावून पडलाच, तर क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी पुढे सरकते. आता गॅरेजमध्ये दोनपैकी एक वाक्य ऐकायला मिळतं. ‘नवीन आहे, चार दिवस चालवा, बसेल’ किंवा ‘गिअरबॉक्स परत खाली घ्यावा लागेल’. पहिल्या वाक्यावर विसंबून गाडी चालवली तर गिअरबॉक्सचं नुकसान होऊ शकतं. दुसरं वाक्य घाईत मान्य केलं तर मजुरी दुप्पट होऊ शकते. केडगाव असो की नागापूर एमआयडीसीचा परिसर, क्लचच्या कामात सुट्या भागांइतकाच खर्च आणि वेळ गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्यात जातो. म्हणून तो दुसऱ्यांदा उतरवण्याआधी बाहेरून होणाऱ्या तपासण्या पूर्ण झाल्या का, हे विचारणं मालकाच्या फायद्याचं असतं. अनेकदा दोष नव्या प्लेटमध्ये नसतोच. पायाचा दाब प्लेटपर्यंत पोहोचवणाऱ्या केबलमध्ये किंवा हायड्रॉलिक लाइनमध्ये तो असतो.

क्लच ‘घसरणं’ आणि ‘न सुटणं’ यात फरक काय?

घाटात जे झालं ते क्लच घसरणं. इंजिन फिरतं, पण प्लेट पकड धरत नाही. काम झाल्यावर जे होतंय ते बरोबर उलटं आहे. पेडल दाबलं तरी प्लेट इंजिनपासून सुटत नाही. मेकॅनिक त्याला ‘क्लच सुटत नाही’ किंवा ‘क्लच कापत नाही’ म्हणतात. दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी, उपायही वेगळे. गॅरेजमध्ये ‘क्लच बरोबर नाही’ एवढंच सांगितलं तर उलट्या दिशेनं ॲडजस्टमेंट होण्याची शक्यता असते. त्यामुळे नेमकं काय होतंय ते सांगा.

रचना तशी साधी आहे. इंजिनला जोडलेली जड चकती म्हणजे फ्लायव्हील. तिच्यावर प्रेशर प्लेट बोल्टनं बसवलेली असते आणि या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. क्लच प्लेटचा मधला भाग गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, खाचांवर म्हणजे स्प्लाइनवर सरकतो. पेडल दाबलं की केबल किंवा ऑइलच्या दाबानं फोर्क हलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या मधल्या स्प्रिंगची बोटं दाबतं आणि प्रेशर प्लेट किंचित मागे येते. प्लेट मोकळी झाली की गिअर पडतो.

यातला ‘किंचित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पायाखाली पेडल साधारण १४ सेंटिमीटर जातं. बेअरिंगपाशी त्याचे ८ ते १० मिलिमीटर उरतात आणि प्रेशर प्लेट उचलली जाते जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. गाडीनुसार आकडे बदलतात, पण प्रमाण साधारण असंच. प्लेटच्या अस्तरातही थोडी उसळी असते. ती वजा केली की प्लेटच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा राहते. म्हणजे पेडलपाशी तीन सेंटिमीटर चाल वाया गेली, तरी आत प्लेट सुटण्याइतकी जागा उरत नाही. पायाला हा फरक फार मोठा वाटत नाही आणि बिघाड ओळखणं तिथेच अवघड होतं.

जुनी प्लेट चालत होती, मग नवीच का अडते?

अनेक मालकांना न पटणारी गोष्ट हीच आहे. पण यामागे साधी भूमिती आहे.

प्लेट झिजून पातळ होत जाते तशी स्प्रिंगची बोटं हळूहळू रिलीज बेअरिंगच्या जवळ सरकतात. केबलच्या गाडीत त्यामुळे पेडलची मोकळी चाल, म्हणजे फ्री प्ले, कमी होत जाते. वर्षानुवर्षं सर्व्हिसिंगला मेकॅनिक ती चाल राखण्यासाठी केबल थोडी थोडी ढिली करत आलेला असतो. आता नवी, जाड प्लेट बसली. बोटं पुन्हा बेअरिंगपासून लांब गेली, पण केबल मात्र जुन्या पातळ प्लेटच्या हिशेबानं ढिलीच राहिली. पेडलची बरीचशी चाल हे अंतर कापण्यातच जाते आणि उरलेल्या चालीत प्लेट सुटत नाही.

मारुती ८००, अल्टो, वॅगनआर यांसारख्या केबलवर चालणाऱ्या गाड्यांत हे पहिल्यांदा पाहावं. फोर्कच्या टोकाशी ॲडजस्टिंग नट असतो. तो काही आटे फिरवून फ्री प्ले पुन्हा ठरवला की अनेक गाड्या तिथंच सुधारतात, गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही. फ्री प्ले किती हवा, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि तोच आकडा प्रमाण मानायचा.

इथे एक धोका आहे. गिअर पडावा म्हणून केबल इतकी ताणली की फ्री प्ले शून्य झाला, तर बेअरिंग सतत बोटांवर टेकलेलं राहतं. ते लवकर खराब होतं आणि नवी प्लेट घसरायला लागते. म्हणजे घाटातली जुनी तक्रार नव्या प्लेटवर परत. केबल कमालीची ताणल्याशिवाय क्लच सुटतच नसेल, तर दोष ॲडजस्टमेंटमध्ये नाही, दुसरीकडे आहे असं समजावं.

आधी खात्री करा, दोष क्लचचाच आहे का?

इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनवर ते सहज पडत असतील आणि इंजिन सुरू केल्यावरच अडत असतील, तर क्लच सुटत नाही. बंद इंजिनवरही गिअर अडत असेल, तर गिअर लिव्हरच्या केबल किंवा लिंकेज पाहावं लागेल. गिअरबॉक्स उतरवताना या केबल काढाव्या लागतात आणि परत बसवताना एखादी क्लिप नीट न बसणं अगदी शक्य आहे. अशा वेळी बिचाऱ्या क्लचवर उगाच आळ येतो.

दुसरी तपासणी रिव्हर्स गिअरची. गाडी थांबलेली, इंजिन आयडलवर, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबा आणि तसाच धरून दहा सेकंद थांबा. एवढ्या वेळात सुटलेली प्लेट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबायला हवा. मग सावकाश रिव्हर्स टाका. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे शाफ्ट अजून फिरत असेल तर आवाज येतोच. दहा सेकंदांनीही ‘कर्रर्र’ आला, तर प्लेट इंजिनबरोबर ओढली जातेय. ही तपासणी एकदा-दोनदाच करायची, दातांवर दात घासत बसायचं नाही.

तिसरी तपासणी गॅरेजमध्येच करायची. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिनची ताकद जाणाऱ्या चाकांपैकी एकच चाक जॅकवर आणि बाकीच्या चाकांना लाकडाचे अडसर. एकानं क्लच दाबायचा, दुसऱ्यानं बाहेर उभं राहून उचललेलं चाक हातानं फिरवायचं. क्लच सुटत असेल तर चाक फिरतं, नसेल तर इंजिनमुळे अडतं. दोन्ही चाकं उचलली तर डिफरन्शियलमुळे एक चाक फिरवताना दुसरं उलटं फिरतं आणि चाचणी निरुपयोगी ठरते. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हँडब्रेक लावून ही चाचणी होत नाही, त्यामुळे पुढच्या चाकांचे अडसर पक्के हवेत. गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.

बाहेरून काय काय पाहता येतं?

सुरुवात पायापासून. नवी जाड फ्लोअर मॅट पेडलखाली अडकते आणि पेडल शेवटपर्यंत जात नाही. हसू येईल, पण आधी हेच पाहावं, कारण याला एक रुपयाही लागत नाही. मग बॉनेट उघडून एकानं पेडल दाबावं आणि दुसऱ्यानं पाहावं, पेडलमागचा पत्रा किंवा ब्रॅकेट वाकतोय का? जुन्या गाड्यांत तिथे तडा गेलेला असतो. पायाची चाल पत्रा वाकवण्यात जाते, फोर्कपर्यंत पोहोचतच नाही. केबलचं बाहेरचं आवरण ब्रॅकेटमध्ये नीट बसलंय का, आतली तार उसवलीय का, हेही पाहून घ्या. जुन्या गाडीत क्लच बदलताना केबलही बदललेली बरी. तिची किंमत बाकी कामाच्या मानानं किरकोळ असते.

हायड्रॉलिक क्लच असेल तर पहिला संशय हवेवर. काम करताना पाइप सुटलेला असेल तर लाइनमध्ये हवा शिरते. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. त्यामुळे पाय खाली जातो, पण फोर्क पुरेसा हलत नाही. पेडल भराभर चार-पाच वेळा पंप करा. पंप केल्यावर गिअर पडत असेल किंवा पेडल वर येऊन कडक होत असेल, तर हवा काढायला सांगा. पेडल दाबून धरल्यावर पाय हळूहळू खाली सरकत गेला आणि बाहेर कुठेही गळती दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरचं आतलं सील ऑइल मागे सोडत असण्याची शक्यता असते.

बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं ऑइल एकाच टाकीतून येतं. टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४ असेल ते, ब्रेक ऑइल घालायचं. घाईत कुणी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं तर रबरी सील फुगतात. मग प्रश्न क्लचपुरता उरत नाही, ब्रेकपर्यंत जातो.

आणखी एक चूक गॅरेजमध्ये नकळत घडते. गिअरबॉक्स खाली उतरलेला असताना कुणीतरी गाडीत बसतं आणि सवयीनं क्लच दाबतं. समोर अडवणारं काही नसल्यानं स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन गरजेपेक्षा बाहेर येतो, सील फाटतं किंवा आत हवा शिरते. काम चालू असलेल्या गाडीत पोराबाळांना बसू न देण्याचं हेही एक कारण.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी मोजमाप फोर्कच्या टोकाचं आहे. एकानं पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्यानं फोर्क किंवा स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते पट्टीनं मोजायचं. मॅन्युअलमधला आकडा हाताशी नसेल, तर गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीवर तेच मोजायचं आणि तुलना करायची. फोर्क कमी सरकत असेल तर दोष बाहेर आहे, गिअरबॉक्सला हात लावू नका. फोर्क पुरेसा सरकूनही क्लच सुटत नसेल, तर मात्र दोष आत आहे आणि गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो. तिथे फोर्क दिसत नाही, हे माप घेता येत नाही. हवा नीट काढणं, मास्टर सिलिंडर तपासणं आणि ऑइलची पातळी उतरतेय का ते पाहणं, एवढंच बाहेरून हातात राहतं.

गिअरबॉक्स उतरवलाच, तर आत काय सापडतं?

पहिला संशयित म्हणजे उलटी बसवलेली क्लच प्लेट. प्लेटच्या मधल्या भागात स्प्रिंग असतात आणि एका बाजूला त्या जास्त बाहेर आलेल्या असतात. कोणती बाजू फ्लायव्हीलकडे ठेवायची, हे बहुतेक प्लेटवर इंग्रजीत छापलेलं असतं. उलटी बसली की मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टवर टेकतो आणि पेडल कितीही दाबलं तरी प्लेट मोकळी होत नाही. चूक एका मिनिटाची, भरपाई दिवसभराच्या कामानं. अशी प्लेट फार चाललेली नसेल तर फ्लायव्हीलच्या बोल्टवर आणि प्लेटच्या मध्यभागी चकचकीत घासल्याच्या खुणा दिसतात.

दुसरा संशयित चुकीचा भाग. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांची, किंवा दोन वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांची प्लेट वेगळी असू शकते. व्यास सारखा दिसतो, पण मधल्या भागाची उंची किंवा प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची वेगळी असते. जुनी आणि नवी प्लेट शेजारी ठेवून व्यास, स्प्लाइनच्या खाचा आणि उंची पाहिली तर हे बसवण्याआधीच कळतं. जुने भाग भंगारात जाण्यापूर्वी मालकानं मोबाइलवर दोन्हींचे फोटो काढून ठेवावेत.

तिसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. गिअरबॉक्स चढवताना शाफ्ट प्लेटच्या स्प्लाइनमध्ये शिरतो आणि नेमक्या त्या क्षणी गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार नसेल, तर त्याचं सगळं वजन प्लेटच्या मध्यावर लटकतं. प्लेट वाकते. कडेला अर्धा-पाऊण मिलिमीटर वाकली, तरी वर पाहिलेली अर्ध्या मिलिमीटरची मोकळी जागा संपली. गिअरबॉक्स पूर्ण आत जात नाही म्हणून बोल्ट आवळून ओढून घेणं हाही त्यातलाच प्रकार. प्लेट मध्यावर आणण्यासाठी सेंटरिंग टूल किंवा जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट वापरला असेल, तर गिअरबॉक्स हातानं ढकलून शेवटपर्यंत बसायला हवा. बसत नसेल तर थांबून कारण शोधायचं.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे असतात. एका बाजूनं पूर्ण आवळून पुढे गेलं की कव्हर तिरपं होतं आणि प्रेशर प्लेट एका बाजूनं सुटते, दुसऱ्या बाजूनं घासत राहते. फोर्क त्याच्या टेकूवरून निसटलेला असू शकतो किंवा बेअरिंगची क्लिप बसलेली नसते. याचा सुगावा बाहेरूनही लागतो. फोर्कचं टोक आधी ज्या कोनात उभं होतं त्यापेक्षा वेगळ्या कोनात दिसतं.

स्प्लाइनवर गंज असेल किंवा धार उठली असेल, तर प्लेट शाफ्टवर मागे-पुढे सरकत नाही आणि फ्लायव्हीलला चिकटून फिरत राहते. नवी प्लेट बसवण्याआधी ती शाफ्टवर हातानं सरकवून पाहायची असते. तिथे उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात पुरतो. बोटभर ग्रीस लावलं तर फिरताना ते उडून अस्तरावर जातं, हा उलटा तोटा.

फ्लायव्हील लेथवर घासून आणलं असेल तर किती घासलं, हे विचारायला हवं. जेवढा पत्रा उतरला तेवढी सगळी जोडणी इंजिनकडे, म्हणजे बेअरिंगपासून लांब जाते. शिवाय प्लेट टेकते तो भाग आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात तो भाग यांतलं अंतर कंपनीनं ठरवलेलं असतं. फक्त मधला भाग खोल केला तर ते गणित बिघडतं. काही गाड्यांत आपोआप झीज भरून काढणारी प्रेशर प्लेट असते. ती खास अवजारानं जागेवर आणून बसवावी लागते आणि साध्या पद्धतीनं आवळली तर पहिल्या दिवसापासून त्रास देते. बोलेरो, सुमोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत आणखी एक जागा पाहावी. शाफ्टचं टोक इंजिनकडच्या ज्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये बसतं, ते जाम झालं तर प्लेट पूर्ण सुटलेली असूनही इंजिन शाफ्टला फिरवत राहतं. लक्षणं हुबेहूब क्लच न सुटण्याचीच.

‘चार दिवसांत बसेल’ यात तथ्य किती?

थोडं आहे. नव्या प्लेटचं अस्तर आणि फ्लायव्हील यांची घडी बसायला काही दिवस लागतात. गाडी उचलताना हलका थरकाप, पेडलचा बदललेला अंदाज, थोडा नवा वास हे त्या काळात जाणवू शकतं. पण गिअर न पडणं, रिव्हर्सला आवाज येणं, क्लच दाबूनही गाडी सरकणं हे ‘बसण्याचं’ लक्षण नाही. अस्तर झिजून एखाद्या चुकीवर काही दिवसांनी पांघरूण पडेल, पण तोवर प्रत्येक गिअरला सिंक्रोनायझर झिजतो आणि रिव्हर्सचे दात खातात. मग क्लचचं काम गिअरबॉक्सच्या कामात बदलतं आणि बिलाचा आकडा वेगळा होतो.

अपवाद ओलाव्याचा. क्लच बदलून गाडी पावसात अनेक दिवस उभी राहिली तर फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर येतो आणि प्लेट त्याला चिकटते. जिल्ह्यात हे कारपेक्षा ट्रॅक्टरच्या मालकांना जास्त माहीत आहे. राहाता, कोपरगाव, नेवासा भागातले ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर पावसाळ्यात उभे राहतात आणि गळीत हंगाम तोंडावर आला की एखाद्याचा क्लच चिकटलेला निघतो. म्हणून जास्त दिवस उभं राहणारं वाहन अधूनमधून सुरू करून क्लच दाबून सोडण्याची सवय अनेक चालकांना असते. काही ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये उभं ठेवताना पेडल दाबून अडकवून ठेवायची सूचना आणि त्यासाठी कडीही दिलेली असते.

रस्त्यातच क्लच सुटेनासा झाला तर?

सर्वांत मोठा धोका गाडी सुरू करतानाचा आहे. अनेक नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाहीत, त्यामुळे चालक निर्धास्त असतो. पण ही यंत्रणा फक्त पेडल खाली गेलं का, एवढंच पाहते. आत प्लेट सुटली की नाही, हे तिला कळत नाही. गाडी गिअरमध्ये असेल, तर स्टार्टर लागताच ती उडी मारते. समोर बॉनेटवर वाकलेला मेकॅनिक असेल तर काय होईल, हे सांगायला नको. क्लचची तक्रार असलेली गाडी नेहमी न्यूट्रलमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून आणि समोर कुणी नसताना सुरू करावी.

चालत्या गाडीत हे झालं तर ब्रेकनं वेग कमी करत कडेला या. थांबण्याच्या बेतात गाडी हिसके देईल, तेव्हा न्यूट्रल ओढून घ्या. नाही निघाला तर गाडी ब्रेकवर थांबेपर्यंत इंजिन बंद पडेल, पडू द्या. दौंड–मनमाड मार्गावरच्या एखाद्या रेल्वे फाटकात चावीची गाडी अडकली आणि ढकलायला कुणी नसेल, तर पहिल्या गिअरमध्ये नुसत्या स्टार्टरवर ती काही फूट पुढे काढता येते. मात्र आधी गाडीतल्या माणसांना खाली उतरवा आणि हा उपाय फाटक ओलांडण्यापुरताच ठेवा. तशीच घरापर्यंत नेण्याचा मोह नको.

जुने चालक क्लचशिवाय गिअर बदलून दाखवतात, ते खोटं नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्यातली पहिली एसटी धावली. त्या काळच्या अनेक बस-ट्रकमध्ये आजच्यासारखे सिंक्रोनायझर नसत. गिअर खाली घेताना क्लच दोनदा दाबून, मध्ये न्यूट्रलला रेस देऊन इंजिनचा वेग जुळवावा लागे. वेग अचूक जुळला तर क्लचशिवायही गिअर पडतो. पण रिकाम्या रस्त्यावर मुरलेल्या हाताला जे जमायचं, ते शिर्डीच्या गर्दीत किंवा करंजी घाटाच्या वळणावर करून पाहण्यात अर्थ नाही. टोइंगची गाडी बोलवा. जाता जाता, क्लचचा लिव्हरच नसलेली लुना १९७० च्या दशकापासून याच शहरात बनत होती. तिचा क्लच इंजिनच्या वेगानुसार आपोआप पकड घेणारा होता. ‘क्लच सुटत नाही’ ही तक्रार लुनावाल्यांच्या वाट्याला सहसा आली नसेल.

दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी कुणी द्यायची?

वाद इथे होतो. प्लेट उलटी बसली, फोर्क निसटला, बोल्ट वाकडे आवळले, वजन लटकून प्लेट वाकली, तर ती कामातली चूक आहे आणि तिची मजुरी पुन्हा मागणं योग्य नाही. भागच सदोष निघाला तर कंपनीच्या वॉरंटीत नवा भाग मिळू शकतो, पण वॉरंटीत मजुरी धरलेली असेलच असं नाही. मालकानं स्वतः ऑनलाइन मागवलेला सेट मेकॅनिकला बसवायला दिला आणि तोच चुकीचा निघाला, तर गॅरेजला दोष देणं कठीण जातं. जुनी केबल बदलायला मालकानंच नकार दिला होता आणि नंतर तीच दोषी ठरली, तर मेकॅनिकचं म्हणणं खरं मानावं लागेल.

म्हणून काम सुरू होतानाच तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. बिलावर भागाचा क्रमांक आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली असावी. जुने भाग परत मिळावेत. आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची वेळ आली तर तो मालकासमोर उघडावा. उघडल्या क्षणी काढलेला फोटो नंतरच्या तासभराच्या बोलाचालीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. प्लेटची कोणती बाजू कुठे होती, फोर्क टेकूवर होता की नाही, हे एकदा सगळं सुटं झालं की सिद्ध करता येत नाही. चांगले मेस्त्री स्वतःहून बोलावून दाखवतात.

तरीही मार्ग निघाला नाही, तर पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ‘सेवा’ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागायची असेल तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर आयोगात तक्रारीचं शुल्क लागत नाही. तक्रारीसोबत बिल, फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकनं लिहून दिलेलं निदान जोडावं. त्या निदानात फोर्क किती मिलिमीटर सरकत होता, हा आकडा असेल तर उत्तम.